वाचक विचारतात : वाफेची छोटी इंजिने बंद काळात कशी ठेवावीत?

मृग तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात किंवा गच्चीवर धावलेली आगगाडीची वाफेची छोटी इंजिने आता चार-पाच महिने बंद राहणार असतात आणि ती ठेवायची कशी, अशी विचारणा सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून होते. त्यांपैकी निवडक पत्रे संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. शेवटचे पत्र सोडल्यास सर्व प्रश्न खरोखर पाणी उकळून वाफेवर चालणाऱ्या इंजिनांविषयीचे आहेत.

प्रश्न : माझ्याकडे ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणारे, ब्यूटेन गॅसवर चालणारे इंजिन आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात ते शेवटचे चालवले, स्वच्छ पुसले आणि मूळ खोक्यात घालून गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवले. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि डांबरगोळ्याही टाकल्या होत्या. दिवाळीत काढले तेव्हा चाके फिरेनात, सेफ्टी व्हॉल्व्हभोवती हिरवट थर आला होता आणि इंजिन कलते करताच धुराड्यातून तांबूस पाणी आले. काय चुकले असावे? — एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : पत्रातील लक्षणांवरून असे दिसते की इंजिन बाहेरून कोरडे झाले, पण आतून ओलेच राहिले. वाफेचे इंजिन थांबते तेव्हा पाणी केवळ बॉयलरमध्ये उरलेले नसते. ज्यात पिस्टन मागे-पुढे सरकतो त्या सिलिंडरमध्ये शिल्लक राहिलेल्या वाफेचे पाणी होते आणि तेलाशी मिसळून त्याचा ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका लगदा बनतो. तेलाच्या डबीत तर पाणी साचल्याशिवाय तिचे काम चालतच नाही, कारण डबीत शिरलेल्या वाफेचे पाणी होऊन ते तळाशी बसते आणि तेवढेच तेल वर ढकलले जाऊन सिलिंडरकडे जाते. शिवाय ब्यूटेन जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुराड्याखालच्या धुराच्या पेटीच्या, थंड पत्र्यावर जमते आणि तेथील पोलादी भागांना गंज चढवते. आपल्याला दिसलेले तांबूस पाणी बहुधा तेच असावे. अशा स्थितीतले इंजिन खोक्यात घातले की खोके बाहेरची ओल अडवत तर नाहीच, उलट आतली ओल कोंडून ठेवते.

म्हणून आमचा आग्रह असा की कपाट, खोके आणि पुड्या यांचा विचार मागाहून करावा. इंजिन ठेवण्याचे खरे काम आग विझल्यानंतरच्या अर्ध्या तासात, धातू गरम असतानाच, उरकायचे असते.

गॅस संपला की उरलेल्या वाफेवर इंजिन फिरू द्यावे. या आकाराची इंजिने साधारणपणे दर चौरस इंचाला ४० ते ६० पौंड दाबावर चालतात. दाबमापकाचा काटा दहा पौंडांच्या आसपास उतरला की बॉयलरच्या तळाशी निचऱ्याची तोटी असल्यास ती हळूहळू उघडावी. आतली वाफच पाणी बाहेर ढकलते आणि तापलेल्या तांब्याच्या उष्णतेने बॉयलर आतून सुकून जातो. हे काम उघड्यावर, तोटीचे तोंड माणसांपासून दूर वळवून आणि जाड हातमोजे घालूनच करावे. दाब पुरता असताना तोटीला हात लावू नये. तोटी नसेल तर काटा शून्यावर आल्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह फडक्याने धरून किंचित उचलावा आणि वाफ येत नाही याची खात्री करून घ्यावी. मग पाणी भरण्याचे बूच काढून, बारीक रबरी नळी लावलेल्या सिरिंजने पाणी ओढून घ्यावे. पाणी कसेही काढले, तरी इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत बूच उघडेच ठेवले पाहिजे, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बंद बॉयलर थंड होऊ लागला की आत निर्वात पोकळी तयार होते आणि ती डबीतले तेल नळीवाटे बॉयलरमध्ये खेचून घेते. एकदा बॉयलरमध्ये तेल शिरले की पुढच्या वेळी पाणी फेसाळते, वाफेबरोबर पाणीही सिलिंडरमध्ये जाते आणि बॉयलरमधले पाणी दाखवणाऱ्या काचनळीतली पातळी खरी की खोटी हे कळेनासे होते.

यानंतर तेलाच्या डबीचा निचऱ्याचा स्क्रू उघडून साचलेले पाणी काढावे आणि नवे तेल भरावे. सिलिंडरसाठी वाफ बाहेर पडण्याच्या नळीत, म्हणजे धुराड्याखालच्या टोकात, स्टीम ऑइलचे, म्हणजे वाफेच्या सिलिंडरसाठीच्या घट्ट तेलाचे, दोन-चार थेंब सोडावेत आणि इंजिन उचलून चाके हाताने पुढे-मागे फिरवावीत, म्हणजे पिस्टन ते तेल आत ओढून घेतात. ज्या इंजिनाला पाणी भरण्यासाठी एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, त्याला बूच तात्पुरते लावून सायकलच्या पंपाने हवा भरता येते आणि थोडा वेळ इंजिन हवेवर चालवता येते. आमच्या मते याहून चांगला उपाय नाही, कारण हवा सिलिंडरमधले पाणी हाकलून देते आणि मागोमाग नवे तेल पसरवते. हे झाल्यावर रॉड, सांधे आणि चाकांच्या पोलादी कडा शिलाई मशीनच्या तेलाने पुसाव्यात. गंज सोडवणारे फवाऱ्याचे तेल पाणी हाकलण्यापुरते ठीक असते, पण चार महिने धातूवर टिकून राहील असा त्याचा थर नसतो. घरात हाताशी असते म्हणून काही जण खोबरेल लावतात, तेही टाळावे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते. साताऱ्याच्या थंडीत बाटलीत जे होते तेच सांध्यांतही होते, आणि जुने झाले की ते खवट होऊन चिकटते.

आपले जाम झालेले इंजिन जोर लावून सोडवू नये. जोर लावला की पिस्टनचा जोर चाकांना पोहोचवणारा बारीक कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मूळ दुखणे बाजूलाच राहते. वाफ बाहेर पडण्याच्या नळीतून पातळ तेल सोडून इंजिन एक रात्र तसेच ठेवावे, दुसऱ्या दिवशी सिलिंडरभोवती गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे आणि चाक केसभर पुढे, केसभर मागे असे हलवत राहावे. बहुतेक वेळा गंजापेक्षा सुकलेल्या लगद्यानेच पिस्टन धरलेला असतो आणि तो उष्णतेने सुटतो.

हिरवट थर म्हणजे तांब्या-पितळेचा कळंक होय. देवाची भांडी घासण्याच्या सवयीने तेथे चिंच किंवा लिंबू चोळण्याचा मोह होतो, परंतु आम्ल सांध्यांच्या फटीत राहून जाते आणि महिनाभराने तेथूनच नवा कळंक फुटतो. कोमट पाणी, मऊ ब्रश आणि शेवटी तेलाचे फडके एवढे पुरते. अमोनिया असलेले पॉलिश मात्र कटाक्षाने टाळावे आणि माळ्याच्या खाली असलेल्या गोठ्याचाही विचार करावा. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात घोड्यांच्या पागेत ठेवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस ओढून बनवताना पितळेत राहिलेला ताण ही तीन कारणे एकत्र आल्याने ते घडते, असे पुढे लक्षात आले. इंजिनावरचे पितळी घुमट, टोप्या आणि नळ्या याच रीतीने दाबून वा ओढून बनवलेल्या असतात. तेव्हा गोठ्यावरचा माळा आणि युरियाची पोती असलेली खोली या दोन जागा वर्ज्य समजाव्यात.

राहता राहिल्या पुड्या. सिलिका जेल हवाबंद डब्यातच उपयोगी पडते. पुठ्ठ्याच्या सादळलेल्या खोक्यात ते काही दिवसांत ओल पिऊन तृप्त होते आणि नंतर नुसते पडून राहते. रंग बदलणारे दाणे घेतले तर केव्हा सुकवायचे ते कळते; ते सुमारे १२० अंशांवर सुकवावेत, मात्र निळ्यावरून गुलाबी होणाऱ्या दाण्यांत कोबाल्टचे विषारी क्षार असल्याने त्यांच्यासाठी स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नये. डांबरगोळ्या कसर आणि झुरळे यांच्यासाठी असतात, ओलीवर त्यांचा काही इलाज चालत नाही. उलट त्यांच्या वाफेने काही जातींचे प्लॅस्टिक मऊ पडते.

प्रश्न : माझे आजोबा बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेवर फायरमन, म्हणजे इंजिनाची आग सांभाळणारे, होते. बॉयलर कधी रिकामा ठेवू नये, असे ते सांगत. मी मात्र सगळीकडे ‘बॉयलर रिकामा करा’ असेच ऐकतो. यांतले खरे काय? आणि आमच्या बोअरचे पाणी जड आहे, ते इंजिनात चालेल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : आजोबा सांगत ते त्यांच्या इंजिनापुरते बरोबरच होते. बार्शी लाइटच्या मिरज–कुर्डुवाडी–लातूर या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरील इंजिनांचे बॉयलर पोलादाचे होते आणि ती रोजच्या कामाची इंजिने होती. पोलादाला गंज चढतो तो पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आल्यावर. अर्धवट भरलेल्या बॉयलरमध्ये पाण्याच्या रेषेवर ही दोन्ही असतात आणि पत्र्याला खड्डे पडू लागतात ते तेथेच. म्हणून मोठे इंजिन काही काळ उभे राहायचे असेल तर बॉयलर रसायन मिसळलेल्या पाण्याने काठोकाठ भरायचा, नाहीतर अगदी कोरडा करायचा, असे दोनच मार्ग असतात. भिजलेला आणि अर्धवट रिकामा बॉयलर ही सर्वांत वाईट अवस्था होय. आजोबांचा रोख बहुधा त्या अर्धवटपणावर असावा. शिवाय गरम बॉयलर घाईने रिकामा करून त्यात गार पाणी भरले तर पत्रे आणि नळ्यांचे सांधे ताणले जातात, हेही प्रत्येक फायरमनला ठाऊक असे.

आपल्या हौशी इंजिनाचा बॉयलर तांब्याचा आणि चांदीच्या डागाने सांधलेला असतो. तांबे पोलादासारखे गंजत नाही, म्हणून काठोकाठ भरून ठेवण्यात काही लाभ नाही. साठलेले पाणी मात्र वॉशर, काचनळीचे रबर आणि पितळी तोट्या यांना त्रास देत राहते. तेव्हा रिकामा आणि कोरडा करणेच योग्य. एखाद्याचे इंजिन पोलादी बॉयलरचे असेल तर त्याने मात्र वर सांगितलेल्या दोन मार्गांपैकी एक पाळावा, अर्धवट काही ठेवू नये.

बोअरचे पाणी वापरू नये. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उकळताना खाली बसतात. घरच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा खरपुडा दिसतो तोच बॉयलरच्या आतून चढतो, आणि येथे तो हात घालून खरवडता येत नाही. इंजिन बंद असताना हा थर वाळून अधिक घट्ट होतो, म्हणून पाण्याचा प्रश्न ठेवण्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. आरओचे पाणी बरे, डिस्टिल्ड त्याहून बरे. बॅटरीत घालायचे पाणी गॅरेजच्या दुकानात स्वस्त मिळते, फक्त दुकानदाराने पाण्याऐवजी आम्लाची बाटली तर दिली नाही ना, हे लेबल वाचून पाहावे. फुकटचा आणि जुन्या हौशी मंडळींचा आवडता पर्याय म्हणजे पावसाचे पाणी होय. पहिल्या काही सरींनी गच्ची धुऊन निघाल्यावर स्टीलच्या पातेल्यात धरलेले आणि दुहेरी मलमलीतून गाळलेले पाणी उत्तम काम देते.

प्रश्न : माझे कोळशावर चालणारे, ८९ मिलिमीटर रुळांचे इंजिन तीस किलोच्या आसपास वजनाचे आहे. घर सांगलीच्या गावभागात असून २०१९ च्या पुरात तळमजला पाण्याखाली गेला होता. इंजिनासाठी तळमजल्यावर सागवानी काचेचे कपाट करावे की वरच्या मजल्यावर पत्र्याची ट्रंक ठेवावी? — एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : वरचा मजला आणि ट्रंक. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पूर चढू लागल्यावर घरातील माणसे, कागदपत्रे आणि धान्य हलवायचे की तीस किलोचे इंजिन, हा प्रश्नच त्या रात्री उभा राहू नये. पावसाळ्यापुरते तरी इंजिन मे महिन्यातच वर न्यावे. दोघांनी धरून, आणि धरताना चाकांवरून जाणारी बाजूची पट्टी, नळ्या किंवा चालकाच्या खोलीचे छप्पर न धरता खालची चौकट धरून.

कपाटाविषयी आणखी एक आक्षेप आहे. लाकडातून, त्यातही नव्या प्लायवुड आणि एमडीएफमधून, आम्लयुक्त वाफा दीर्घकाळ निघत राहतात आणि बंद कपाटात त्या कोंडतात. शिसे आणि जस्त यांच्यावर त्यांचा परिणाम सर्वांत लवकर होतो, दमट हवेत पोलादही सुटत नाही. काचेचे कपाट शोभेसाठी करायचेच असेल तर त्याला मागून हवा खेळती ठेवणारी जाळी हवी. ट्रंक आतून रंगवलेली असावी आणि ती जमिनीवर न टेकवता पाटावर, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. आत इंजिनाच्या चौकटीखाली दोन लाकडी ठोकळे देऊन चाके किंचित अधांतरी ठेवली तर स्प्रिंगांवर महिनोन्महिने वजन राहत नाही. गुंडाळायला धुऊन मऊ झालेले सुती लुगडे सर्वांत चांगले. प्लॅस्टिकचा फुगे असलेला कागद रंगाला चिकटून त्यावर गोल वळ उठवतो आणि स्पंज काही वर्षांत विरघळून चिकट लगदा होतो, म्हणून हे दोन्ही नकोत.

कोळशाच्या इंजिनाला गॅसच्या इंजिनापेक्षा एक काम जास्त असते आणि ते टाळता येत नाही. कोळशात गंधक असते. काजळी आणि राख यांना पावसाळी हवेची ओल लागली की त्यातून आम्ल तयार होते आणि राखपेटी, जाळी व स्मोकबॉक्सचा पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून शेवटच्या फेरीच्याच दिवशी राखपेटी रिकामी करावी, बॉयलरच्या प्रत्येक नळीतून तारेचा ब्रश आरपार फिरवावा, स्मोकबॉक्सच्या तळाशी साठलेली कोळशाची कणी चमच्याने काढावी आणि पोलादी जाळी तेलाने पुसावी. पहिल्या उत्तरातील बाकी सर्व कृती आपल्यालाही लागू आहे. धुराड्याच्या तोंडाला फडक्याचा बोळा बसवावा आणि त्याला लाल दोरी बांधावी, म्हणजे इंजिन पेटवताना तो आत विसरला जाणार नाही.

इंजिन कधी पुराच्या पाण्यात सापडलेच, तर चाके फिरवून पाहण्याची घाई करू नये, कारण सिलिंडरमध्ये शिरलेला गाळ कानशीसारखे काम करतो. गाळ सुकू न देता आधी स्वच्छ पाण्याने, मग गरम पाण्याने सर्व नळ्या धुवाव्यात, सिलिंडरची झाकणे उघडून पुसावे आणि लगेच तेल द्यावे. पुन्हा वाफ करण्याआधी बॉयलरची थंड पाण्याने दाबचाचणी व्हायलाच हवी. नव्या बॉयलरला चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट आणि वापरातल्या बॉयलरला दीडपट दाब देण्याचा प्रघात आहे. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे भांडे आपल्याकडील कायद्याच्या व्याख्येत बॉयलर ठरत नाही. त्यामुळे कोणी निरीक्षक येऊन विचारणार नाही आणि चाचणीची जबाबदारी सर्वस्वी मालकावर येते.

प्रश्न : इंजिनाच्या टाकीत उरलेला गॅस आणि ब्यूटेनचे डबे इंजिनाबरोबर एकाच ट्रंकेत ठेवले तर चालेल का? गेल्या खेपेस बर्नर मंद जळत होता, त्याचे कारणही कळवावे. — एक वाचक, कराड

उत्तर : चालणार नाही. टाकीच्या झडपेची सुई आणि तिची रबरी रिंग महिनोन्महिने दाब धरून ठेवण्यासाठी केलेली नसते. टाकीतला गॅस मोकळ्या अंगणात, आसपास विडी-काडी नसताना सोडून द्यावा आणि झडप नंतर हलकीशीच बंद करावी, फार घट्ट आवळली तर रिंग दबून कायमची बसते. ब्यूटेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून न जाता जमिनीलगत पसरतो आणि देवघरातल्या समईपर्यंत किंवा फ्रिजच्या ठिणगीपर्यंत पोहोचतो. डबे सावलीत, हवेशीर जागी, मुलांच्या हाताबाहेर उभे ठेवावेत. ५० अंशांच्या वर ते तापू देऊ नयेत असे डब्यावरच छापलेले असते, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तापमान सहज त्याहून वर जाते. स्पिरिटवर चालणाऱ्या इंजिनांची टाकीही रिकामी करावी, कारण स्पिरिट हवेतली ओल ओढून घेते आणि मग वात नीट पेटत नाही.

मंद ज्योतीमागे बहुधा जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारे तोंड, तुंबलेला असतो. त्याचे छिद्र केसाएवढे बारीक असल्याने कोळ्याच्या जाळ्याचा एक धागाही ते अडवायला पुरतो. बर्नरच्या हवेच्या भोकांतही जाळे असते. उघड्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते, तेही तपासावे. जेट काढून फुंकर किंवा पंपाच्या हवेने उलट दिशेने साफ करावा. सुई घालू नये, छिद्र मोठे झाले की ज्योत कायमची बिघडते. ठेवताना जेट वेगळा काढून छोट्या डबीत ठेवला तर हा त्रासच उरत नाही.

प्रश्न : काकांच्या संग्रहातील विजेवर चालणारी काही जुनी इंजिने मला मिळाली आहेत. त्यांतील एकाच्या चौकटीला आपोआप तडे जाऊन ती फुगली आहे. ही कीड इतर इंजिनांना लागेल का? — एक वाचक, वाई

उत्तर : जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली तर काही वर्षांनी तो आतून तडकतो आणि फुगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या खेळण्यांत हा दोष विशेष आढळतो. दोष ओतकामाच्या वेळचा असल्याने त्यावर औषध नाही, दमट आणि उष्ण जागा टाळली तर त्याची गती थोडी मंदावते इतकेच. फुगलेली चौकट उरलेल्या भागांना ताण देते, म्हणून मोटर, चाके आणि वरचे कवच वेळीच सोडवून घ्यावे. नवी चौकट करून घेता आल्यास ते भाग उपयोगी पडतील. हा दोष एका इंजिनातून दुसऱ्यात पसरत नाही. त्यामुळे बाकीची इंजिने त्याच कपाटात ठेवायला हरकत नाही, मात्र त्याच कारखान्याची आणि त्याच काळातली इंजिने वर्षातून एकदा काढून चौकटीच्या कडा भिंगातून पाहाव्यात.